कार्पेट एरिया सगळे विचारतात, खिडकीसमोर किती जागा सोडलीय ते कोण विचारतं?

केळफूल

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात क्षयरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करते. औषधं चालू आहेत का, वजन वाढतंय का, घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का, हे घरी जाऊन बघायचं असतं. त्यामुळे घरं बघायची सवय लागलीय, आणि सवयीने डोळा आधी खिडकीकडे जातो.

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईची मंडळी त्यात होती. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी, अशा एम-पूर्व वॉर्डातल्याच तीन वसाहती त्यांनी घेतल्या. पहिल्या दोन ठिकाणी पाहणीतल्या साधारण दहा टक्के लोकांना टीबी झाल्याची नोंद मिळाली, पीएमजीपीत एक टक्क्याच्या आसपास. वॉर्ड एक, माणसं सगळी पोटापुरतं कमावणारी, दवाखानेही बहुतेक तेच. मोठा फरक इमारतींच्या मांडणीत. पहिल्या दोन वसाहतींत सात-आठ मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट. त्या ३ मीटरच्या फटीत वरून कचरा पडतो, म्हणून खालचे लोक खिडकी कायमची बंद करून टाकतात. काहींनी तर पत्रा ठोकलाय.

गंमत अशी की या घरांत नळ आहे, स्वतंत्र संडास आहे, पक्की भिंत आहे, वीज आहे. 'पक्कं घर' म्हणून सरकारी रकान्यात जे जे विचारतात ते सगळं आहे. घर द्यायचं म्हटलं की आपली सगळी भांडणं चौरस फुटांवर होतात. २२५ होते, मग २६९ झाले, आता ३००. ती मागणी रास्तच आहे, सहा माणसं २२५ फुटांत कशी झोपतात ते मी बघते. पण फूट वाढले तसं इमारतींमधलं अंतर वाढलं का, हे कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

तर इथल्या जाणकारांना प्रश्न: माणसाने राहण्याजोगं घर म्हणायला कमीत कमी काय हवं? कायदा काय म्हणतो तेही सांगा आणि तुम्हाला काय वाटतं तेही. पुनर्वसनापुरतंच बोलायला हवं असं नाही. टॉवर, बंगला, गावाकडचं घर, सगळं चालेल.

डोंगरवाट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

मोजपट्टी

नकाशे मंजूर करून घेणं हाच आमचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे कायद्याचा भाग मी घेतो.

राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी २०१६. राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौ.मी. हवी आणि रुंदी २.४ मी. पेक्षा कमी नको. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ पर्यंत चालते. स्वयंपाकघर ५ चौ.मी., न्हाणीघर १.८, संडास १.१, दोन्ही एकत्र असतील तर २.८. छताची उंची २.७५ मी. पाणी माणशी रोज १३५ लिटर, त्यातले ४५ फ्लशचे. संहिता मार्गदर्शक असते, अंमल होतो तो स्थानिक नियमावलीचा. मुंबईत डीसीपीआर २०३४, बाकीच्या बहुतेक महाराष्ट्रात २०२० ची यूडीसीपीआर. आकडे थोडे इकडेतिकडे, सांगाडा हाच.

खिडक्यांसाठी संहितेत हवामानाप्रमाणे हिशेब आहे. कोरड्या-उष्ण भागात जमिनीच्या क्षेत्राच्या एक-दशांश, मुंबई-कोकणासारख्या दमट-उष्ण भागात एक-षष्ठांश. म्हणजे १२ चौ.मी.च्या खोलीला २ चौ.मी. उघडझाप होणारी जागा. स्लायडिंग खिडकी बसवली की एका वेळी अर्धीच उघडते, पण नकाशावर बहुधा पूर्ण चौकट मोजून दाखवतात.

आता केळफूलताईंच्या मुद्द्यावर. खिडकी मोकळ्या जागेत उघडली पाहिजे असं प्रत्येक नियमावली म्हणते. मोकळी जागा किती, ते इमारतीच्या उंचीवर ठरतं. आणि सवलतींचा सगळा पाऊस पडतो तो याच कलमावर. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत समास अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, कमी करायला मुभा आहे, कारण तेवढ्याच भूखंडावर आधी मोफत घरं बसवायची आणि मग विक्रीची इमारतही उभी करायची. खोलीचं क्षेत्रफळ कमी करून चालत नाही, लोक टेप घेऊन मोजतात. संडास काढता येत नाही. मग कापायला उरते फक्त हवा. तिच्यासाठी टेप घेऊन कुणी येत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा जोरात पुरस्कार केला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. भूमिती सोडून द्या, अर्थ एवढाच की इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी.

आता हेच नटवर पारेखला लावा. तळ अधिक सात म्हणजे धरून चाला २३-२४ मीटर. निम्मे केले तर १२ मीटर. प्रत्यक्षात ३. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या नियमाचा एक-चतुर्थांश.

नाना वाडीवाले

ऑरसाहेबांची आठवण काढलीत, बरं वाटलं. प्लेगचा पहिला रुग्ण मांडवीत ओळखला तो डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी, सप्टेंबर १८९६. आमच्या गोव्याकडच्या हडफड्याचा माणूस. त्या साथीत मुंबईत घरांच्या आतल्या हवेचा विचार ऐरणीवर आला. अंधाऱ्या खोल्यांची छपरं उघडून ऊन आत घेतलं जाई, घरांवर खुणा केल्या जात, सगळं जबरदस्तीचं. लोक चिडले ते उगाच नाही. पण त्या धास्तीतून दादर-माटुंगा-हिंदू कॉलनी-पारसी कॉलनी असा रस्ते, बागा आणि मोकळे समास असलेला भाग उभा राहिला.

आमच्या चाळीत संडास सामाईक होते, पण समोर गॅलरी, मागे खिडकी, वारा आरपार. टीबी होता का? होता. पण असं दहातल्या एकाला वगैरे नव्हतं हो. जुन्या लोकांना कळत होतं, एवढंच म्हणतो.

शेंगदाणा

नाना, गॅलरी गिरगावच्या चाळीला. आमच्या बीडीडीत, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींत, या. १९२० च्या दशकात सरकारनेच गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० फुटांच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला मोरी-संडास. आरपार वारा कसला, दार उघडलं की समोरच्याचं दार. सुरुवातीला तर खिडकीत काँक्रीटच्या पट्ट्या होत्या, त्यामुळे उजेडही अडायचा, आणि कामगार राहायलाच येईनात.

आणि सामाईक संडासाचं 'होते, पण' असं म्हणून पुढे जाऊ नका. रात्री उठून जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बायका मी माझ्या घरात बघितल्यात. लघवीचे विकार हा आमच्या मजल्यावरचा नेहमीचा विषय. स्वच्छ भारतच्या नियमात सामुदायिक शौचालयाला २५ बायकांमागे आणि ३५ पुरुषांमागे एक सीट असं गणित आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात २५ जणी एका दारासमोर, हे गणित मांडणाऱ्याने रांगेत उभं राहून बघावं. माझ्या मते पहिली अट हीच. घराच्या आत, कडी लावता येईल असा, पाणी असलेला संडास. बाकी सगळं त्यानंतर.

केळफूल

शेंगदाणा, शंभर टक्के मान्य. म्हणूनच पुनर्वसनाची घरं बायकांना आवडतात आणि 'परत झोपडीत जाल का' विचारलं तर बहुतेक जणी नाही म्हणतात. त्यांना हे विचारावं लागतं, हाच मला अन्याय वाटतो. संडास हवा की ऊन, यातलं एक निवडा.

हिशेबनीस

धागा वाचला. भावना पोचल्या. आता कुणीतरी खर्चाचं बोलायला हवं, म्हणून मीच वाईटपणा घेतो.

एक, मोजपट्टींचा १२ मीटरचा नियम लावला तर त्याच भूखंडावर निम्मी घरं बसतील. उरलेली निम्मी कुटुंबं कुठे जाणार? नाल्याकाठी. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं कौतुक चाललंय, पण त्या ट्रस्टने सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त होत्या, हेही इतिहासातच आहे. माटुंग्याच्या बागा मध्यमवर्गाला मिळाल्या. मांडवीचा हमाल शेजारच्या गल्लीत आणखी दाटीत सरकला.

दोन, टीबीचं खापर एकट्या खिडकीवर फोडू नका. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली लॅन्सेटमध्ये आले. रुग्णाच्या घरच्यांना जादा धान्य आणि पोषण दिलं तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. पोटाला मिळालं तर फरक पडतो. इमारती पाडून पुन्हा बांधण्यापेक्षा डाळ स्वस्त आहे.

तीन, मानक जितकं उंच, तितकी मानकाबाहेर राहणारी माणसं जास्त. कागदावर किमान १० फूट रुंद खोली लिहिली की ८ फुटांची खोली 'बेकायदेशीर' होते. नाहीशी होत नाही. भाडं तेवढंच राहतं आणि वर हप्ता चढतो.

डोंगरवाट

हिशेबनीसरावांचा तिसरा मुद्दा चोख आहे. पहिला पटत नाही. जागा नाही असं नाही, जागा कुणासाठी सोडायची हे ठरलेलं आहे. त्याच भूखंडावर मागे विक्रीचा टॉवर असतो. त्याच्यासमोर बाग असते, पोडियम असतो, वाहनतळ असतो. पुनर्वसनाची इमारत पार कोपऱ्यात, नाल्याकडे तोंड करून. हवेची वाटणी एकाच नकाशात होते हो!

केळफूल

रेशन्सचं अगदी बरोबर. आम्हीही पोषणाची पाकिटं वाटतो, वजन वाढलं की औषधही नीट लागू पडतं. पण दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध का उभ्या करायच्या? रुग्ण खोकतो तेव्हा जंतू हवेत तासन्‌तास तरंगतात. हवा बदलत राहिली तर ते पातळ होतात, बाहेरच्या उन्हात मरतात. बंद खोलीत सहा माणसं रात्रभर तीच हवा घेतात. डाळ खाऊन प्रतिकारशक्ती वाढेल, पण हवा तीच राहील.

आणि 'निम्मी घरं' हा हिशेब सगळ्या इमारती एकसारख्या, एकमेकींना समांतर रांगेत ठेवल्या तर होतो. मोजपट्टी, जरा सांगा ना, तेवढ्याच घरांत दुसरं काही करता येतं का?

मोजपट्टी

येतं. मधला बोळ काढून एका बाजूने गॅलरी दिली तर प्रत्येक घराला समोरासमोरच्या दोन भिंतींत झरोके मिळतात. गॅलरीला जागा लागते, ती एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या हिशेबात, धरायची की सोडायची यावर सगळं अडतं. इमारती अंगणाभोवती मांडल्या, तर तीन-तीन मीटरच्या चार फटींऐवजी एक खरी मोकळी जागा मिळते आणि तिथे पोरं खेळतात, कचरा कमी पडतो.

ज्या इमारती उभ्या आहेत तिथे काय? तिथे चमत्कार नाही, पण स्वस्तात करण्यासारखं आहे. दारावर जाळीचा झरोका, म्हणजे दार बंद असतानाही बोळातून हवा ओढली जाईल. बोळाच्या दोन्ही टोकांच्या जाळ्या मोकळ्या ठेवणं, तिथे सायकली आणि पिंपं न रचणं. फटीत वरून कचरा पडू नये म्हणून पहिल्या मजल्यावर जाळी, आणि ती जाळी दर आठवड्याला साफ करणारा माणूस. यातला शेवटचा भाग सर्वांत महाग, कारण तो दर महिन्याला द्यावा लागतो.

हिशेबनीस, तुमचा तिसरा मुद्दा मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो. म्हणून म्हणतो, मानकाचे दोन भाग करावेत. क्षेत्रफळ, उंची, फरशी, यात सवलत द्या, माणूस पुढे कमावून सुधारतो. पण इमारतींमधलं अंतर आणि मलवाहिनी यात सवलत नको, कारण एकदा चुकलं की राहणारा माणूस कितीही कमावला तरी ते दुरुस्त करू शकत नाही.

इरा म

+१. शेवटचा परिच्छेद चौकटीत लावण्यासारखा.

खडकवासलेकर

मलवाहिनीचा विषय निघालाच आहे तर पाण्याचं बोलतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा सगळ्या बातम्यांत आमचाच पट्टा होता. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी. बऱ्याच रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, दूषित पाण्याची चर्चा झाली, नांदेडगावची विहीर टीव्हीवर झळकली. ही गावं महापालिकेत आली, पण बांधकामं त्याच्या आधीच आभाळाला भिडली होती. सोसायटीला जिम आहे, क्लबहाऊस आहे, आणि पाणी टँकरचं. टँकर कुठे भरतो ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

त्या काळात आम्ही क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायचं साधन, आणला. गावातल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक जे रोज करतो ते आम्ही तेव्हा पहिल्यांदा केलं. नळाच्या टोकाला उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. टँकरच्या पाण्यात रंगच येईना, म्हणजे शून्य. मग टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची जबाबदारी कुणाची यावर दोन मीटिंगा. 'वास येतो' म्हणून विरोध करणारे निघाले. ज्यांच्या घरी आरओ होता ते गप्प. पण भाजी धुताना, दात घासताना कुणाचा आरओ असतो?

भोगवटा प्रमाणपत्र देताना पाण्याची जोडणी कागदावर असते. 'पालिकेचं पाणी येईपर्यंत विकासक पाणी पुरवेल' असं हमीपत्र असतं. ते येईपर्यंत म्हणजे किती वर्षं ते लिहिलेलं नसतं. १३५ लिटरचा आकडा मोजपट्टींनी दिलाच आहे. तो आकडा माणशी मिळतो का हे प्रमाणपत्रानंतर कुणीच तपासत नाही. माझ्या मते किमान मानकात 'पाणी कुठून येतं आणि शेवटचं कधी तपासलं' हे जिन्याखालच्या फलकावर लावणं सक्तीचं करावं. लिफ्टचं लायसन्स लावतात तसं.

रत्नांग्रीकर

शहरवाल्यांचं झालं असेल तर जरा कोकणात उतरा.

आमच्याकडे जागा भरपूर, ऊन भरपूर, हवा तर विचारू नका. आणि घोळ जमिनीखाली. चिरेबंदी घर, मागे विहीर, आणि पंधरा पावलांवर नवा सेप्टिक टँक. पूर्वी संडास लांब होता, आता 'अटॅच्ड' हवा म्हणून टाकी घराला चिकटली आणि विहीर होती तिथेच आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा असं भारतीय मानक सांगतं. आणि आमचा जांभा म्हणजे नुसती चाळण. पावसात वरचं पाणी खाली कधी उतरलं ते कळतही नाही. जूनमध्ये विहीर गढूळ झाली की गावात जुलाब सुरू, आणि लोक म्हणतात 'पाणी बदललं'.

दुसरी गंमत, टाकी जितकी मोठी तितकं चांगलं असा समज. 'आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही' हे अभिमानाने सांगतात. अहो, उपसावी लागली नाही म्हणजे तळ उघडा आहे, सगळं थेट जमिनीत चाललंय! नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते.

वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी यात फार शहाणपणाचं काम केलंय. मालकाने टाकी तुंबल्यावर फोन करायचा, अशी वाट न बघता गल्लीवार वेळापत्रक लावून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची, आणि तो मैला रस्त्याकडेला न ओतता प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्च करातून. मला तरी किमान मानक म्हटलं की हे आठवतं. संडास बांधला की फोटो काढून अनुदान मिळतं, खाली काय चाललंय ते बघायला कुणी येत नाही.

आणि एक, कृपा करून टाकीत माणूस उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आत विषारी वायू असतो, एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. दर वर्षी बातम्या येतात.

मोजपट्टी

रत्नांग्रीकर, दंडवत. जमिनीखालचं तुम्ही सांगितलंत, मी नळीतलं सांगतो.

न्हाणीघरातल्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असलं पाहिजे. ते पाणी हाच तुमच्या घराचा आणि गटाराचा दरवाजा. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये महिनोन्‌महिने पाणी पडत नाही, ट्रॅप सुकतो, मग वास येतो, झुरळं येतात. लोक उदबत्ती लावतात.

२००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्स पसरला, एकाच वसाहतीत तीनशेहून जास्त लोकांना. चौकशीत सुकलेले फ्लोअर ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की सुकलेल्या ट्रॅपमधून मलवाहिनीतली हवा, तुषारांसकट, घरात ओढली जात होती. तिथून ती शाफ्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, आणि शेजारच्यांच्या खिडक्यांत. मध्यमवर्गीयांची, नीटनेटकी वसाहत होती ती. झोपडपट्टी नव्हे.

उपाय? आठवड्यातून एकदा न वापरल्या जाणाऱ्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. फुकट आहे.

नाना वाडीवाले

आत्ता उठून ओतून आलो.

टेम्सकाठी

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहते, म्हणून इथलं सांगते. इकडे रडगाणं ओलीचं. खिडक्या दुहेरी काचेच्या, घट्ट बंद, आत कपडे वाळत घालायचे, वरण-भाताच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि भिंतीवर काळी बुरशी. घरमालकांचं ठरलेलं उत्तर असायचं: 'तुमच्या राहणीमानामुळे होतं.' आपल्या लोकांना तर स्वयंपाकावरून हमखास.

रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल गेलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा आजार होऊन ते गेलं, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूचौकशीत निघाला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यातून त्याच्याच नावाचा कायदा आला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक भाड्याच्या, म्हणजे पालिका किंवा गृहसंस्था स्वस्त भाड्याने देतात त्या, घरांना लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हात घालायचा. गंभीर ओल-बुरशी असेल तर तक्रार आल्यापासून कामाच्या १० दिवसांत तपासणी, आणि धोका सिद्ध झाला की कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं.

मला यातलं जे आवडलं ते असं की मानक घर बांधतानाचं नाही, राहतानाचं आहे. आणि घड्याळ लावलंय. खडकवासलेकर म्हणतात तेच, प्रमाणपत्र मिळालं की आपल्याकडे सगळं संपतं.

हिशेबनीस

हे मात्र पटलं. बांधतानाच्या मानकाने घर महाग होतं, राहतानाच्या मानकाने फार तर घरमालक वैतागतो. पण घड्याळ लावायचं तर बघणारा माणूस हवा. आपल्याकडे वॉर्डात स्वच्छता निरीक्षक किती आणि इमारती किती? डेंग्यूच्या मोसमात गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायलाच त्यांना वेळ पुरत नाही. तक्रार केलीच तर भाडेकरूला अकरा महिन्यांचा करार संपला की नारळ मिळतो, ते वेगळंच.

डोंगरवाट

झाकणावरून आठवलं. आमच्या सोसायटीत पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं आली तेव्हा गच्चीवर जायची शिडी मोडलेली. टाकीवर चढताच येईना, मग त्यांनी नोटीस शिडीचीच दिली. सगळे हसले. पण खरंच, जिथे माणूस चढू शकत नाही ती टाकी कुणी धुतही नसणार. तळाशी काय निघालं ते इथे लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

इरा म

जरा माझा स्वार्थ. आईसाठी ठाण्यात भाड्याने घर बघतेय, पहिला मजला हवा कारण गुडघे. एजंट संध्याकाळी सातनंतरच दाखवतो. वरचं सगळं वाचून आता काय काय बघू?

केळफूल

इरा, संध्याकाळी सातला दाखवतो यातच उत्तर आहे. दुपारी बारा-एकला जा, सगळे दिवे बंद करायला सांग आणि खिडकीजवळ नाही, खोलीच्या आतल्या भिंतीपाशी उभी राहून पेपर वाचता येतो का बघ. येत नसेल तर पुढचं बघू नकोस.

मोजपट्टी

कपाटामागची भिंत बघा. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर ओल आहे. बाथरूमची खिडकी शाफ्टमध्ये उघडत असेल तर वाकून खाली बघा, शाफ्ट साफ करायला खाली दार आहे का. पहिल्या मजल्याला आणखी एक त्रास असतो: वरच्या सगळ्यांची मलवाहिनी तुंबली की पाणी पहिल्यांदा तिथेच वर येतं. तळाच्या घरांची जोडणी मुख्य उभ्या पाइपला आहे की वेगळी थेट चेंबरला, ते वॉचमनला नाही, सोसायटीच्या प्लंबरला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

शेंगदाणा

आणि जमिनीखालची पाण्याची टाकी गटाराच्या चेंबरला लागून आहे का तेही. झाकण जमिनीपासून उचललेलं हवं. पावसाचं पाणी झाकणावरून वाहत असेल तर ते टाकीत जातंच.

रत्नांग्रीकर

गुडघ्यांचं म्हणालात म्हणून, संडासाचं दार बाहेर उघडतं का बघा. आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला तर दार ढकलता येत नाही. फक्त बिजागरी बदलायची असते.

इरा म

सगळ्यांचे खूप आभार, यादी केली. मोजपट्टी, अजून एक: जे घर आवडलंय तिथे बाथरूमच्या छताला ओल आहे. मालक म्हणतो सोसायटी करणार, सेक्रेटरी म्हणतात वरच्या मालकाने करायचं. नक्की कुणी?

मोजपट्टी

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. घराच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून खाली येणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाने. तुम्ही सांगताय ती बाथरूमखालची, म्हणजे बहुधा वरच्याची. मालकाला म्हणावं, करार करण्याआधी वरच्याकडून काम करून घ्या. एकदा अनामत रक्कम दिली की तुमचा फोन कुणी उचलणार नाही.

इरा म

कळवते मालकाला. नाहीच म्हणाला तर दुसरं घर घोडबंदरला बघितलंय, तिसरा मजला, लिफ्ट आहे, पाणी टँकरचं.

खडकवासलेकर

क्लोरोस्कोप घेऊन जा.